सदूच्या लॉरीची थरथर

१२ एप्रिल १९४६, बुलढाणा

किसन हमाल वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखान्याच्या कंपाउंडरने दुपारी स्वतः येऊन सांगितले, म्हणजे खरे धरतो. 

कालची गोष्ट. आमचा सदू सरकीची पोती घेऊन देऊळघाटला चालला होता, किसन पोत्यांवर. नदीच्या उतारावर खड्डा आला आणि पुढची दोन्ही चाके थरथरू लागली. सदू म्हणतो, स्टिअरिंग कोणी हातातून उपटून घेतल्यासारखे झाले. लॉरी पैनगंगेच्या डोहात नाक खुपसून थांबली. किसन पोत्यांखाली. सदूला ओरखडासुद्धा नाही, आणि तेच त्याला सोसत नाही.

संध्याकाळी बातमीदाराच्या सवयीने वर्तमानपत्राला चार ओळी टाकल्या. ‘चालकाचा ताबा सुटून’ असे लिहिले. तसेच लिहितात. पोस्टातून परत आलो तर सौ. दारातच.

“पोराचीबी बातमी केली काय?”

 नाव घातले नव्हते, पण गावाला काय नाव लागते…

१३ एप्रिल

थरथर आजची नाही. लॉरी लष्कराच्या लिलावातली. ब्रह्मदेशात सदू असलीच चालवत होता. पलटणीतून सुटून आल्यावर हीच घेतली. नाल्यांतून, पांदणीतून जाता यावे म्हणून फेब्रुवारीत मोठे टायर चढवले. महिनाभर बरी चालली. मार्च सरता सरता सुरू झाले. वेगात खड्डा आला की पुढची चाके नाचू लागतात. गाडी अगदी हळू केली की मगच थांबतात. खामगावचे कासम मिस्त्री दोनदा येऊन गेले. पुढची चाके मागे घालून पाहिली, स्टिअरिंगचे सांधे बदलले. चार दिवस बरे, की पुन्हा तेच.

चौकात निराळे बोलतात. पलटणीतून आल्यापासून सदूचे हात कापतात, चहाची बशी वाजते, हे सगळ्यांना ठाऊक. चाके नव्हे, हातच, असे चालले आहे. मला तोंडावर कोणी सांगत नाही. पण बातमी कशी पसरते हे मला कोणी शिकवायला नको.

मलाही एकदा तसे वाटून गेले. खोटे कशाला लिहू.

१४ एप्रिल

बैलजोड्या लावून लॉरी बाहेर काढली. पाणी पुढच्या आसाच्या वर होते, इंजिनापर्यंत पोचले नव्हते. लगेच सुरू झाले. पोलीस जमादाराने बस चालवणारा हनीफ आणला होता. त्याने देऊळघाटहून इथवर आणली, जमादार शेजारी. मुद्दाम खड्ड्यांतून, मुद्दाम वेगात. काहीही झाले नाही.

हनीफ उतरला. “गाडी तर मक्खन हाय, भाऊसाहेब.” मग त्याला माझे तोंड दिसले, आणि तो रुमालाने उगाच हात पुसत राहिला. भला माणूस.

सदू अंगणातून हे ऐकत होता. आत येऊन एवढेच म्हणाला, “बाबा, मग माह्येच हात.”

जेवला नाही.

१६ एप्रिल

कासमभाई आले. चिखलीच्या रस्त्याने दूरवर चालवून आणली. त्यांनाही काही आढळले नाही.

“मी सांधे बदलून राह्यलो, बोल्ट आवळून राह्यलो, अन् ही बया हनीफसंगं गुमान जाते. सदू, तुह्यावरच काऊन रुसली बे?”

एरवी सदू उलट बोलला असता. आज म्हणाला, “विकून टाका तिले. मी नाई चालवत.”

कासमभाईंनी पान काढले, पण खाल्ले नाही.

अमरावतीहून इन्स्पेक्टर येणार आहेत. लायसन बहुधा रद्द, असे जमादार म्हणाला. लायसन गेले तर काय, याचा विचार मी करू पाहतो आणि मध्येच सोडून देतो. घरात सदू सावलीसारखा वावरतो. फक्त त्या गाडीवर बसला की माणसात येई. सौ.नेही हे पाहिले आहे. 

१८ एप्रिल

किसनच्या आईला दवाखान्यात आणण्यासाठी छकडा घेऊन देऊळघाटला गेलो. म्हातारी तयारच बसली होती.

“तुमचा सदू काऊन नाई आला? मी काय खाऊन राह्यली त्याले?”

तिला हात देऊन छकड्यात बसवले. 

त्याआधी नदीवर राघो सुतार भेटला. बैलगाड्यांची चाके बुडवत होता. लाकूड सुकले की चाकावरची लोखंडी धाव सैल पडते, म्हणून चाक डोहात घालून वर दगड ठेवतात. लाकूड फुगते, धाव पुन्हा घट्ट. लहानपणापासून पाहतो. डोह तोच, लॉरी पडली तो.

राघो म्हणाला, “तुमच्या लॉरीलेबी इथंच पाणी पाजलं म्हना.”

“लॉरी काय लाकडाची आहे, राघो?”

तो हसत होता तो थांबला. “भाऊसाहेब… ठोकळे तर माह्येच हायेत ना.”

मला हे माहीत नव्हते. मोठे टायर वळताना मडगार्डला घासत. म्हणून धक्के झेलणाऱ्या पोलादी कमानी आणि आस यांच्यामध्ये घालायला सदूने राघोकडून बाभळीचे ठोकळे करून घेतले. गाडी तेवढी उचलली गेली. वरून डांबर फासले. लाकूड ओलेच होते. “वाळू द्याले टाइम कुठं देल्ला सदूभाऊनं? टायर आले, आजच बसव म्हने.”

म्हणजे उन्हात ठोकळे आकसणार, बोल्ट सैल पडणार, आस कमानीखाली हलणार. आणि डोहात बसून लॉरी आपोआप बरी होणार. खरे असेल का? म्हातारीला नीट बसवले आहे ना, हे मी वाटेत तीनतीनदा पाहत होतो आणि डोके दुसरीकडेच.

१९ एप्रिल

सदूला सांगितले. तो लॉरीखाली जाऊन पडून राहिला. बोल्ट अजून घट्ट आहेत म्हणाला.

कासमभाईंना निरोप धाडला. त्यांचा उलट निरोप: हात लावू नका, उन्हात उभी ठेवा, वाळू द्या, मग पाहू.

लॉरी उन्हात. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत घरात. असली वाट मी कधी पाहिली नव्हती. गाडी बिघडावी म्हणून.

२४ एप्रिल

बिघडली.

कासमभाई चालवत होते, मी शेजारी, सदू पाठीमागे. बोथ्याच्या रस्त्याला खड्डा आला आणि सगळी गाडी ताप भरल्यासारखी थडथडली. माझे दात एकमेकांवर आपटले. “या अल्ला!” कासमभाईंनी कशीबशी सावरली, हळू करत थांबवली. अंगठा धरून उतरले.

“अंगठा गेला माह्या. पन हात तर नाई कापत ना माह्ये? लिहा तुमच्या पेपरात, भाऊसाहेब.”

खाली जाऊन पाहिले. बोल्टवरची नटाची चाकी बोटाने फिरत होती. डांबर खरवडले तर आत ठोकळ्याला उभी चीर. मला आनंद झाला, भलताच झाला. वळून पाहिले तर सदू रस्त्याच्या कडेला बसलेला.

“हात बरे होते म्हनजे. किसनचा पाय मी लाकडानं तोडला.”

“अरे, मी दोनदा खाली निजून पाह्यलं,” कासमभाई म्हणाले. “डांबर पाहून लोखंडच समजलो. मिल्ट्रीचं असंल म्हटलं. माह्यं नाई काय चुकलं?”



२५ एप्रिल

कासमभाईंचा सल्ला, ठोकळे काढून टाकू, कोणाले काय सांगाचं. पण न सांगावे तर ठपका हातांवर राहतो आणि लायसन जाते. सांगावे तर परवानगीवाचून गाडीत फेरफार केला म्हणून खटला. दोन्हीकडून वाट अडलेली.

सदू म्हणाला, सांगणार.

सौ. म्हणाली, “सांग बापा. पन आधी दोन घास खाय.” दोन घास खाल्ले.

दुपारी तो पहिल्यांदाच दवाखान्यात गेला. काय झाले ते त्याने सांगितले नाही. कंपाउंडरने सांगितले: किसनने भिंतीकडे तोंड केले ते सदू निघेपर्यंत वळवले नाही. त्याची आई मात्र सदूला बस म्हणाली. तो उभाच राहिला.

वर्तमानपत्रासाठी दुरुस्तीच्या दोन ओळी लिहिल्या. ‘चालकाने बसवलेले लाकडी ठोकळे सैल होऊन’. वाचून पाहिले. हेही त्याच्यावरच जाते. आणि खरेही आहे. अजून पाठवल्या नाहीत.

२७ एप्रिल

लोखंडी ठोकळे खामगावला ओतून झाले. कासमभाई उद्या सकाळी घेऊन येतात, दुपारपर्यंत बसतील. इन्स्पेक्टर परवा येणार, जमादाराने आज नक्की सांगितले. चिरलेले ठोकळे सदू त्यांच्यासमोर ठेवणार. ते आधी ऐकून घेणार, मग सदूने रिकामी लॉरी बोथ्याच्या घाटातून उतरवायची, इन्स्पेक्टर शेजारी. त्यानंतर लायसनचे ठरेल. खटल्याचे निराळे.

अपघाताच्या दिवसापासून सदूने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. उद्या ठोकळे बसले की अंगणातल्या अंगणात फिरवून पाहा, म्हटले. “पाहू,” म्हणाला.

मी शेजारी बसू का, असे जमादारामार्फत विचारले होते. गाडीत दोघांशिवाय कोणी नको, असे उत्तर आले. तेव्हा मी परवा पहाटेच छकड्याने निघून घाटाच्या पायथ्याशी, शेवटच्या वळणावर जाऊन उभा राहणार. तिथून वरची गाडी दिसत नाही. आवाज तेवढा आधी येतो.