शास्त्रवाचनाची चिठ्ठी

रविवार, ५ मार्च

फसले! पुरती फसले.

आज चर्चमध्ये उपासनेनंतर कामांच्या चिठ्ठ्या काढल्या. दोन आठवड्यांनी तीन मिशनरी येणार, त्यांचा मंडळीतर्फे सत्कार. आमच्याकडे कामं वाटायची रीत ठरलेली. भांड्यातून चिठ्ठी काढायची, मनात वाचायची, मोठ्याने "आनंदाने!" म्हणायचं आणि बसायचं. मी काढली. चष्मा लावला, ओठ हलवले, मान डोलावली. "आनंदाने!" मला वाटलं, दरवेळसारखा चहा असेल, फार तर खुर्च्या पुसणं.

घरी येऊन सूनबाईने चिठ्ठी वाचली आणि मटकन खाली बसली. शास्त्रवाचन! दोनशे माणसांपुढे उभं राहून बायबल वाचायचं. आणि मी कोण? जिला स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर ओळखता येत नाही ती!

ही वहीसुद्धा सूनबाईच लिहिते. मी सांगते, ती उतरवते. माझं गुपित ठाऊक असणारी ती एकटीच उरली. आधी माझ्या ह्यांना ठाऊक होतं. ते शेजारी बसून गीताच्या ओळीवर बोट फिरवायचे आणि मी त्या बोटाकडे बघत गायचे. ते जाऊन सात वर्षं झाली. आता शेजारीण पान उलटते तेव्हा मीही उलटते. ती शिंकली की माझं चुकतं.

मंगळवार, ७ मार्च

सूनबाईचं एकच — "आई, पाळकसाहेबांना सांगून टाका ना!" काय सांगू? पन्नास वर्षं पुस्तक उघडून बसले ती कागदाचा वास आवडतो म्हणून?

सांगायचं नाही. पाठ करायचं. उतारा ठरलाय — झाडाखाली आलेल्या तीन पाहुण्यांना म्हातारा जेवू घालतो तो. सूनबाई वाचते, मी घोकते. लेक विचारतो, "आई, एकटी काय पुटपुटतेस?" म्हटलं, तुझ्या लग्नाचा हिशेब अजून जुळत नाही.

रविवार, १२ मार्च

पाठ झाला! कुठे थांबून पान उलटायचं तेही ठरवून ठेवलं.

एक मात्र सांगते. म्हातारा पाहुण्यांसाठी धावला, धावला म्हणून त्याचं एवढं कौतुक. पीठ मळलं कुणी? बायकोने! सूनबाई हे लिहायला तयार नव्हती. लिही म्हटलं.

गुरुवार, १६ मार्च

पाहुणे आले. डॉक्टर नवरा-बायको पाळकसाहेबांकडे उतरले, तिसरी आमच्याकडे. डोंगरातल्या शाळेची बाई. बहात्तरची आहे, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान पोरगी. चाळीस वर्षं एका खोलीत शाळा चालवते. मे महिन्यात परत जायचं म्हणते. बॅगेत कपडे दोन जोड आणि खडूचे डबे सहा!

पाय धुवायला कोमट पाणी दिलं. तिने मोजे काढले आणि माझं तोंडच बंद झालं. (सूनबाई साक्षीला आहे, असं वरचेवर होत नाही.) टाचांना अशा भेगा की नाणं उभं राहील. एक बोट नाही — बर्फात गेलं म्हणे, आजारी पोराला पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठताना. "पोराचं काय झालं?" विचारलं. तर हसून म्हणते, "आता तो स्वतःच दोन पोरांचा बाप आहे, ताई."

मी त्या पायांकडे बघतच राहिले. पाणी गार झालं तरी.

शुक्रवार, १७ मार्च

पहाटे उठले तर पडद्यामागून तिचा आवाज. प्रार्थना करत होती. नावं घेत होती नुसती. एकेक पोर, मग त्याचं काय मागायचं ते. याचा खोकला, तिची परीक्षा, त्याच्या बापाची दारू. मी चूल पेटवली, पाणी उकळलं, चहा केला, चहा निवला — नावं चालूच! शेवटी म्हणाली, "आणि या घरातली ताई. तिच्या जिवाला कसला तरी घोर आहे. तो हलका कर."

मी बशी खाली ठेवली. हिला कुणी सांगितलं?

शनिवार, १८ मार्च

दुपारी मुद्दाम पुस्तक तिच्या हातात दिलं. म्हटलं, बाई, उद्याचा तीन पाहुण्यांचा उतारा एकदा वाचून दाखवा, तुमच्या आवाजात ऐकू द्या. तिने मांडीवर पुस्तक उघडलं आणि घडाघडा वाचलं. अडखळणं नाही, काही नाही. मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू!

सूनबाई भाजी घेऊन आली, पुस्तकाकडे बघितलं, काहीतरी बोलणार होती. मग गप्पच बसली.

रविवार, १९ मार्च

सगळं सांगते. सूनबाई, हळू लिही, एकही शब्द गाळू नकोस.

सभागृह भरलेलं. पाहुणे पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी मिशनचे सचिव. माझी वेळ आली तसे पाळकसाहेब कानाशी वाकले. "आजी, थोडा बदल केलाय हं. तुमच्या पाहुणीच्या आवडीचा उतारा वाचू या. येशू शिष्यांचे पाय धुतो तो. खूण घालून ठेवली आहे."

खूण घालून ठेवली आहे!

मी मेजाशी गेले. पुस्तक उघडलं. पानावर नुसत्या मुंग्या. घोकलेले तीन पाहुणे दडपून म्हणून टाकावे असं एकदा मनात आलं. पण समोर ते पाय दिसले, मोज्यांतले. तोंडून खोटं निघेना.

म्हणाले, "मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."

 मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मी मेज धरून उभी राहिले.

तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. बाई उठली. रांगेच्या कडेने, एकेक खुर्चीची पाठ चाचपत आली. पायरीशी अडखळली. माझा हात शोधून घट्ट धरला आणि लोकांकडे तोंड करून म्हणाली, "मलाही वाचता येत नाही. दोन वर्षं झाली. मधलं सगळं धूर झालंय, कडेकडेचं थोडं दिसतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. कळलं तर मला डोंगरावर परत पाठवणार नाहीत."

सचिवांच्या हातातलं पेन खाली पडलं. 

मग मला म्हणाली, "ताई, मी सांगते, तुम्ही म्हणा." तिला पाठ होतं. ती एक ओळ हळू सांगे, मी मोठ्याने म्हणे. चौथ्या-पाचव्या ओळीला माझ्याबरोबर आणखी आवाज आले. आधी म्हाताऱ्यांचे, मग सगळ्यांचे. दोनशे माणसं, पुस्तकं मिटलेली! अंगावर काटा आला. आता सांगतानाही येतोय, बघ.

नंतर जेवताना बाईच्या ताटात वाढायला रांग लागली. दोन जण माझ्याजवळ येऊन कानात सांगून गेले — त्यांनाही येत नाही. त्यातला एक मंडळीचा खजिनदार! हसावं की रडावं?

घरी सूनबाई कबूल झाली. काल बाई वाचत होती तेव्हा पुस्तक अनुक्रमणिकेवर उघडं होतं.

सोमवार, २० मार्च

सचिव येऊन गेले. माणूस भला, पण मान हलवतच आला. "बाई, एकटीला आता कसं पाठवू? कड्याची वाट आहे. आम्ही बैठकीत बोलू." बाई "बरं" म्हणाली. मग आत जाऊन खडूचे डबे पुन्हा रचत बसली. सहा. काढले, रचले. काढले, रचले.

माझ्यापायी तिची शाळा गेली. मी काल तोंड उघडलं नसतं तर ती मे महिन्यात डोंगरावर असती.

आज पुढे काही सांगवत नाही.

मंगळवार, १८ एप्रिल

बाई आमच्याकडेच राहिली आणि गेल्या आठवड्यात बैठकीचं पत्र आलं. बाईने जावं, पण सोबत डोळे असलेलं कुणीतरी हवं. मी म्हटलं, डोळे माझे ठणठणीत आहेत, त्यांना आजवर कामच कुठे पडलंय! लेक म्हणाला, "आई, या वयात?" सूनबाई उठली. माझे लोकरीचे मोजे शोधायला गेली.

आज दोन तिकिटं आली. बाईला एवढंच विचारून घेतलं — पहिलीच्या बाकात माझे गुडघे मावतील ना?