चितळाचा कॉल

मंगळवार, मार्चची अखेर. दिवेलागण.

सकाळी सफारीच्या जिप्सीत पाहुण्या बाईंनी विचारलं, "गाईडताई, कॉल कशाले म्हणता तुम्ही?" मी सांगितलं, वाघाची चाहूल लागली की चितळ ओरडते, तो कॉल. त्यांची लेक हसली. म्हणे फोन म्हणजे कॉल, बोलावणं म्हणजे कॉल, शेवटचा निर्णय घेतला तरी कॉलच. एका शब्दात एवढं? दिवसभर तेच डोक्यात घोळत राह्यलं. सफारीत मग खरंच कॉल झाला अन् वाघ दिसणार म्हणून सगळे खूश. मीही.

घरी येऊन चहा ठेवला, तर तळ्यामागं चितळ ओरडलं. सवयीनं मले आधी आनंदच झाला. लाज वाटते लिहायला, पण झाला. तेवढ्यात आई दारात आली. "बाबा तळ्यातलं जाळं काढाले गेले नं वो?"

मी अंगणातून जोरात हाक मारली. उत्तर नाई. पुन्हा मारली. चितळ ओरडूनच राह्यलं होतं.

मग तळ्याच्या पाळीवरून आवाज आला, "येऊन राह्यलो, पोरी!"

आई उतू गेलेला चहा पुसत बसली.

उद्या पहाटे पुन्हा जिप्सी. कॉल झाला की पाहुण्यांकडे पाहून हसायचं आहे.