दादाच्या गोळ्या

तिरोडा, मंगळवार, २००८

दादाच्या आतड्याच्या औषधापायी दुभती म्हैस गेली, वहिनीच्या पाटल्या गेल्या, आणि दादा मात्र निम्मा उरला. त्या गोळ्यांवर लाखेचं कवच असतं, असं डॉक्टर बोलले तेव्हापासून मी लाखेचा व्यापारी बाजारभर मिरवत होतो: "पोटात टिकते, आतड्यात उघडते. आपल्या पळसाची लाख आहे, साहेब."

आज वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, गोळ्या संडासातून जशाच्या तशा बाहेर पडून राहिल्या जी." धुतलेली एक गोळी तिनं माझ्या हातावर ठेवली. पिवळी, गुळगुळीत, अख्खी. औषध आत बंद.

दादा खाटेवरून म्हणाला, "तुही लाख मोठी पक्की हाय बा."

मला हसू आलं नाही. गोळी अजून खिशातच आहे. औषधाच्या दुकानात किती काळ पडून होती, कोण जाणे. मी विचारलं काऊन नाही? जुनी झालेली लाख विरघळत नाही.