आईच्या चादरी

प्रिय मर्टलताई,

गुरुवारी घरी पोचते. माझी काळजी नको. बाबा जेवतात का?

आईच्या निधनाचा वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर या पत्रासोबत आमच्या शेजारच्या हेबरच्या हाती पाठवतेय, तो उद्याच तिकडे येतोय. त्यात लिहिलंय, तिनं तीस वर्षं कॉड मासा खारवला, अकरा नातवंडांचे हातमोजे विणले. घरातलं कुणी बोट घेऊन समुद्रावर निघालं की त्या दिवशी मात्र घरात रुमालही धुऊ द्यायची नाही. "कपडे धुवाल तर माणूस धुऊन जाईल गं, पोरींनो!"

आपला भाऊ क्लॅर सकाळी बोट घेऊन गेला, दुपारी आई गेली आणि तू तिच्या चादरी धुतल्यास. रडू नकोस. वादळ काही आपल्या बादलीतून उठत नाही. वादळ होऊन तीन दिवस झाले, बोटीचा पत्ता नाही; निरोप आला की लगेच फोन कर.

मजकुराखाली मुलांची नावं दोन ओळींत आहेत, आधी गेलेली आणि हयात. क्लॅरला मी हयात लिहिलंय. ते कुणाला खोडू देऊ नकोस.

फोनपाशी बसलेली,
विनी