कवड्या की मण्यार

भिलाई,
९ सप्टेंबर १९५८

आदरणीय तेजरामभाऊ यांस देवीदासचा सप्रेम जयभीम. तुमचा दमा आणि तुमच्या शाळेतली पोरं, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे मी खुशाल आहे (कितपत, ते खाली येईल).

तुम्ही धाडलेलं सापांचं पुस्तक फार उपयोगी पडलं. कारखान्याच्या पायाचं खोदकाम सुरू झाल्यापासून रोज साप निघतात, आणि स्टोअरबाबूच्या सवयीने मी त्यांचे रॅक पाडले. अजगर बाजूला ठेवला (तो फार जुन्या घराण्यातला). पुढारलेल्यांपैकी पुढच्या दातांत विष असलेले नाग आणि मण्यार पहिल्या रॅकात, विषाचे दात मिटून ठेवणारी घोणस दुसऱ्यात, आणि ज्यांचं काय करावं ते कळत नाही असे धामण, कवड्या वगैरे सगळे तिसऱ्यात. विद्वानांनीही हेच केलंय, हे वाचून मला गहिवरून आलं. (आमच्या स्टोअरातही 'किरकोळ'चा रॅक सगळ्यांत मोठा आहे.)

गेल्या सोमवारी स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यामागे एक पट्टेदार पाहुणा दिसला. कवड्या असला तर गरीब, मण्यार असला तर कारभार आटोपला. आणि दोघे दिसायला सख्खे भाऊ. मथुरा माझ्या हातात सांडशी देत म्हणाली, "पयले त्याले बाहेर काढा, मंग त्याचं खानदान वाचत बसा." पण माल ओळखल्याशिवाय हलवायचा नाही, हा आमच्या स्टोअरचा नियम. मी पुस्तक उघडलं. मागचे दात लाखो वर्षांत पुढे कसे सरकले, या पानावर मी रमलो, तेवढ्यात तुमची बहीण पेटी घेऊन दुर्ग स्टेशनापर्यंत सरकली. ती तुमच्याकडे पोचली असेलच. तिने माझ्याबद्दल जे सांगितलं असेल ते खरं आहे.

वहिनींना जयभीम, पोरांना पापा.

तुमच्या घरचा (सध्या स्वतःच भाकरी थापणारा) जावई,
देवीदास

ता. क. तो कवड्याच निघाला, बिनविषारी. आता तो क्वार्टरात नाही, जुनवानीच्या शिवारात सोडून आलो. तेव्हा मथुरेला पुढच्या गाडीने पाठवावं, एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. तो बिनविषारी आहे हे पुस्तकावरून कळलं नाही. सांडशीत धरून पाठीचे खवले मोजत होतो, तेव्हा तो मला चावला. दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसूनही मी मेलो नाही, त्यावरून त्याचा रॅक ठरला. त्या बाकावर पुस्तकातली एक ओळ आठवली नाही. मथुरा तेवढी आठवत होती, फार आठवत होती. चावल्याचं तिला सांगू नका. किंवा असं करा, चावल्याचं घरी सांगा आणि वाचल्याचं स्टेशनावर, तिकीट काढून झाल्यावर.