वाकडी तबकडी

६ जुलै, रविवार
आणि वर हे मलाच म्हणतात, तुला घाई लई. घाई न करून काय करू? खांदा माझा गेलाय. होस्टेलवाल्या बाईंच्या ऑर्डरचे सगळे स्टूल माझ्या अंगावर. पाय खराद मशीनवर लाकूड फिरवून कातून होतात, त्याचं काही न्हाई. पण वरच्या गोल फळीची कड आन पायांचे तळ हातानं पॉलिश पेपर मारून घासायचे. बोटांची सालटी निघाली. ह्यांना काय. क्लासच्या गेटवर खुर्ची टाकून पोरांची ओळखपत्रं बघायची. मशीन ह्यांच्या बापाची, फिरवते मी.
भाऊजींचा नांदेडहून फोन. तेच ते. मशीनची शेड पाडू, शिकणाऱ्या पोरांसाठी खोल्या काढू, लातुरात आता लाकूड कोण कातून राहिलंय. शेड दोघा भावांची, म्हणून ह्यांच्या हो-वर अडलंय. हे हो म्हणत न्हाईत, न्हाई पण म्हणत न्हाईत. दात कोरत बसतात.

७ जुलै, सोमवार
ठरवलं. मशीनलाच गोल तबकडी बसवायची, तिच्या तोंडावर पॉलिश पेपर चिकटवायचा. मशीन फिरली की पेपर फिरंल, आपण नुसतं लाकूड टेकवायचं. वेल्डर रशीदभाईंनी मशीनच्या आट्यात बसणारी लोखंडी थाळी करून दिली. म्हणाले, "भाभी, थाळी एकदम सीधी हाय. फळीचं तुमचं तुम्ही बघा."
हे म्हणाले, थाळीवरच्या फळीला प्लाय आण. प्लाय! पुठ्ठा नुसता. मी सागवान घेणार. भूकंपात गावचं घर बसलं तेव्हा एकच दार धड निघालं, सासूबाईंच्या खोलीचं. तेव्हापासून शेडमागं उभं हाय, कोंबड्या बसतात आडोशाला. कापून गोल तबकडी काढली. फटीत अजून तिथली माती. करवतीचे दात गेले.

९ जुलै, बुधवार
तबकडी थाळीवर मागून स्क्रूनं आवळली. मशीन चालू करून पटाशीनं तोंड सपाट केलं. काय देखणी! पट्टी लावून बघितली, खालून उजेड येत न्हाई. कणकेची खळ शिजवली, पेपर चिकटवला, वर पाटा ठेवला. उद्या बघा म्हणावं.

१० जुलै, गुरुवार
वाकडी. मधी फुगलीय. स्टूलचा पाय टेकवला की हाताला टक टक टक. तळ तिरपा निघून राहिला. पेपर फाडला, परत सपाट करायला घेतली तर लाईट गेली. ती आली तेव्हा माझी कणीक मळायची वेळ. अर्धी सपाट, अर्धी तशीच.

१२ जुलै, शनिवार
काल पूर्ण सपाट केली, खळ लावून पेपर दाबला. आज परत फुगली. रशीदभाईंना बोलावून भांडले, थाळीच वाकडी तुमची. त्यांनी तबकडी काढली, नुसती थाळी फिरवली, जवळ खडू धरला. रेघ सगळीकडं सारखी. हत्यारं उचलून निघाले. चहा पण घेतला न्हाई. ते जास्त लागलं.

१४ जुलै, सोमवार
दार कापल्याचं भाऊजींना कळलं. ह्यांनीच सांगितलं असणार, तिथं बरं तोंड उघडतं. फोनवर,
"वहिनी, आईचं दार कापलं तुम्ही?"
म्हणलं, हाव. शेड पाडल्यावर ते दार काय डोक्यावर घेऊन नांदेडला नेणार होता?
म्हणे, "पुढच्या शुक्रवारी येलालोय मी. दादाला घेऊन बसू. शेडचा कागद करून टाकू."
मला घेऊन बसायचं न्हाईच.
तबकडी परत सपाट केली. परत खळ, परत पाटा.

१७ जुलै, गुरुवार
सपाट करता करता मधी इतकी पातळ झाली की मागच्या स्क्रूची टोकं पुढून निघाली. मला दिसलं न्हाई. पेपर टर्रकन फाटला, स्टूलचा पाय हातातून उडून भिंतीला. दोन बोटं सोलली. होस्टेलवाल्या बाई नेमक्या दारात उभ्या, हातात आधी नेलेला स्टूल.
"मावशी, पोरी बसल्या की हा डुगडुगतो. अभ्यास कसा करायचा त्यांनी?"
म्हणलं, माझ्या बोटातनं रक्त चाललंय, जरा थांबा.
"थांबते. पण पुढच्या शनिवारपर्यंत न्हाई झालं तर मी प्लास्टिकचे आणते."
हे काम गेलं की भाऊजींच्या हातात आयतंच. बघा म्हणंल, मशीनला काम न्हाई.

१९ जुलै, शनिवार
तबकडी मांडीवर घेऊन बसले. इतक्या वर्षांचं वाळलेलं लाकूड फुगतंच कामून? मागच्या बाजूला दाराचा जुना रंग तसाच, पुढून मी कोरी केलेली. आन त्या कोऱ्या तोंडाला रोज पाणचट खळ फासून वरून पाटा. म्हणजे मीच. मीच तिला रोज ओली करत होते आन सकाळी वाकडी म्हणून शिव्या देत होते.
प्लाय आणला. ह्यांनीच सुचवला होता ते दुकानदाराला सांगितलं न्हाई. चपला चिकटवायचं सोल्युशन आणलं, त्यात पाणी नसतं.
रशीदभाईंच्या दुकानात चहा घेऊन गेले. ह्या वेळी त्यांनी घेतला.
"थाळी सीधी हाय ना भाभी?"
हाय बाबा, हाय.

२१ जुलै, सोमवार
प्लायची तबकडी सरळ! टकटक न्हाई. कड अशी निघाली की गालाला लावून बघितली. डाव्या अंगाला लाकूड धरायचं, तिथं तबकडी खाली जाते, फळी तबकडीसमोर ठेवलेल्या टेबलावर दाबून राहते. उजवीकडं धरलं की वर उडवते. भुकटीनं नाक भरलं, पदर बांधला. परत आलेला स्टूल नीट करून फरशीवर ठेवला, चारी पाय टेकले. संध्याकाळी हे आले, वर्दीतच त्यावर बसले, इकडं झुकले, तिकडं झुकले. हलला न्हाई. "प्लायच का?" म्हणाले. म्हणलं, हाव, प्लायच. हसले. तेवढंच. शेडचं काही न्हाई.

२२ जुलै, मंगळवार
भाऊजी शुक्रवारी येणार. दोघं भाऊ बसणार, मी चहा करून आणणार, तोवर कागद झालेला असणार. तसं न्हाई व्हायचं. सकाळी ह्यांना गेटवर गाठलं, पोरांच्या समोर. घरी बोललं की उठून जातात, खुर्ची सोडून कुठं जातील?
"अगं, इथं काय करलालीस?"
म्हणलं, विचारायला आले. शेड ठेवायची का पाडायची? पाडायची असंल तर मशीन कुठं न्यायची ते पण सांगा, ती काय ट्रंकेत बसत न्हाई. भाऊजींना विचारून न्हाई, तुमचं तुम्ही सांगा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत. हो का न्हाई, तोंडानं.