आहेराचे एकेचाळीस टॉवेल

७ जानेवारी १९९९, अंबड
आजपासून गाडी धुण्याचं खातं माझ्याकडे. निळी मारुती, सेकंडहँड, पण आमच्या घराण्यात फर्स्टच. पोरगा उद्धव कंपनीच्या बसने जालन्याला एमआयडीसीत जातो, गाडी दारात उभी. तीस वर्षं फवारणीचे पंप दुरुस्त केले, कुणी शिकवलं नव्हतं. गाडी काय चीज आहे.
धुणं सोपं. पुसणं ही खरी विद्या. आमच्या बोअरचं पाणी इतकं खारं की थेंब वाळला की चुन्याची टिकली. आज बॉनेटवरच दोनशे. सून सत्यशीला म्हणाली, अण्णा, गाडीला गोवर निघाला का?
पहिलाच दिवस आहे.

१० जानेवारी
सुनेचे वडील रखमाजी धावड्याहून आल्ते. धाकट्या मुलाचं लग्न २४ फेब्रुवारीला, नवरदेव आमच्या गाडीतून न्यायचा म्हणाले. शब्द देऊन टाकला, गाडी आरशासारखी असंल.
ते गेल्यावर उद्धव म्हणाला, त्या दिवशी सकाळी एक जरी टिकली दिसली तर भोकरदनहून जीप बोलावतो, आन् पुढं गाडी सर्व्हिसिंगवाल्याकडं. तुम्ही आराम करा.
आराम हा शब्द आजकाल शिवीसारखा लागतो.

११ जानेवारी
ट्रंक उघडली. लग्नाकार्यांत टॉवेल-टोपी घेऊन घेऊन जमलेले एकेचाळीस टॉवेल. कोणता कुणी दिला, सगळं पाठ.
यात रखमाजींचा नाही. उद्धवच्या लग्नात व्याही म्हणून त्यांनी मला जो टॉवेल दिला, तो इतका पातळ की पलीकडून मुंगी गेली तर तिचे पाय मोजता यावेत. सहा वर्षं दोन तालुक्यांत सांगतो आहे. आमच्या बायकोनं, गोजरबाईनं, तो भाकरी बांधायला घेतला. तीच त्याची लायकी.
मोराचा जाड टॉवेल काढला. फिरवला. पाणी पीत नाही हरामखोर, नुसतं इकडचं तिकडं लोटतो. पुढाऱ्यासारखा.
गोजरबाई म्हणाली, कोऱ्या टॉवेलात खळ असती, आधी चार धुण्या काढा. बाईमाणसाला रीत समजत नाही. आहेराचा टॉवेल धुवायचा नसतो, पुढच्या लग्नात फिरवायचा असतो. धुतला की गेला कामातून.

१९ जानेवारी
चौदा टॉवेल झाले. चौदाही कोरडेच्या कोरडे, गाडी ओली. जाडी पाहून माणसं फसतात. एका टॉवेलाच्या घडीत आमचीच चिठ्ठी सापडली. एक्क्याण्णव साली आम्ही तातेरावच्या पोराला दिल्ता, गावं हिंडून परत आमच्याच घरी. आठ वर्षांत त्याला कुणी पाणी लावलं नाही. अशा समाजाचं काय होणार.
टिकल्या : मोजणं सोडलं.

२४ जानेवारी
टॉवेल हा प्रकारच चुकीचा. सायकलची ट्यूब कापून लाकडी पट्टीला ठोकली, घरचा वायपर. पाणी झक्क निघालं. दारावर तीन रेघा आल्या. खिळा थोडा बाहेर होता. उद्धवला सांगितलं, जुन्याच आहेत. तो म्हणाला, खिडकीतून पाहून राह्यलो होतो.

२ फेब्रुवारी
जालन्याहून गाडी पुसायचं चामडं आणलं. दुकानदार म्हणाला, ओलं करून पुसा, सावलीत वाळवा. माळकरी घर म्हणून गोजरबाईनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पुसलं मात्र सुरेख. जिंकलो. मंग धुऊन कडक उन्हात टाकलं. अर्धवट काम मला जमत नाही.
सायंकाळी पापड. सरळ करायला गेलो तर मोडलं. गल्लीतल्या कुत्र्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. कुत्र्यालासुद्धा किळस आली म्हणजे मालच खराब. दुकानदाराला झापणार आहे.

११ फेब्रुवारी
आज डोकं चाललं. हवा. पुसायचंच नाही, उडवायचं. मिरचीवर गंधक मारायचं हातमशीन पडवीत होतं. आतून झटकून घेतलं. गाडी धुतली, नळी रोखली, दांडा फिरवला. पहिले दहा फेरे थेंब पळाले. अकराव्याला तळाशी बसलेलं गंधक निघालं, शेरभर तरी असेल.
ओल्या गाडीवर पिवळा थर. डोळे, नाक, मिशा, सगळं गंधक. सत्यशीला म्हणाली, अण्णा, नवरदेवाच्या आधी गाडीलाच हळद लागली की. शेजारपाजार हसला. माणसाला काही करू द्यायचं नाही ही या गावाची खोड.
उद्धवनं माझ्या हातातली बादली घेतली आणि स्वतःच गाडी धुवायला लागला. ते जास्त लागलं.

२३ फेब्रुवारी, धावडा
मुक्कामाला आलो. रस्ताभर धूळ. टॉवेलांची ट्रंक बरोबर घेतली. उद्या बराबर होणार. अनुभव कुठं जातो.

२४ फेब्रुवारी, सकाळी ९
वस्तीच्या तोंडाशी जीप येऊन उभी. उद्धवनं आधीच सांगून ठेवल्ती.
सातला धुतली. पंधरावा टॉवेल, सोळावा, सतरावा. ऊन चढलं. बॉनेटवर पहिली टिकली उमटली. सगळी भावकी बघून राह्यली.
गोजरबाई आली. भाकरीचं गाठोडं सोडलं, भाकरी ताटात ठेवल्या, तेच पातळ फडकं पाण्यात बुचकळून पिळलं आणि पुसायला लागली. विहीणबाई द्वारकाबाईंनी दुसरं टोक धरलं. पंधरा मिनिटं. गाडीत तोंड दिसायला लागलं. फडक्याच्या कोपऱ्यात सत्यशीलानं लग्नाआधी लाल दोऱ्यानं काढलेलं कमळ. मांडवानं ओळखलं.
रखमाजी म्हणाले, त्यो आमचाच ना? हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार. ते म्हणाले, सहा वर्षं ऐकून राह्यलो, व्याह्यांना टॉवेल पातळ दिला. म्हून यंदा सोलापूरहून जाड मागवला. आणि तो घडी घातलेला माझ्या हातात ठेवला. माझं तोंड खाली.
जीप परत गेली. उद्धव म्हणाला, आई, आजपासून गाडी तुझ्याकडं.
मला बादली भरायचं काम दिलं.

२५ फेब्रुवारी, अंबड
परत आलो. आंघोळ केली. रखमाजींच्या मानाखातर तोच सोलापुरी टॉवेल घेतला. डोकं पुसलं, पाठ पुसली, पोट पुसलं. ओला तो ओलाच. न्हाणीच्या दारातून गोजरबाईला हाक मारली, जरा ते फडकं दे.
म्हणाली, त्यानंच गाडी पुसून राह्यले. थांबा, तवर उन्हात उभं राहा.
राहिलो.